मधल्या माणसांची खिडकी

परवा माझ्या भावाच्या नातीनं मोबाइलमधून डोकं वर काढून विचारलं, "आजी, माणूस कधी दुसऱ्या ताऱ्यावर जाईल का गं?" मी अंबाडी निवडत बसले होते. मान वर न करता म्हटलं, "न्हाई." ती म्हणाली, "पण यात तर सांगतायत की एक खूप मोठं यान करायचं, त्यात माणसं राहतील, त्यांना मुलं होतील, मग त्या मुलांना मुलं..." "सांगू दे. न्हाई म्हणजे न्हाई," मी खेकसले. पोरीचं तोंड एवढंसं झालं. आतून भावाची सून म्हणाली, "आत्या, लेकरावर केवढ्यानं ओरडता हो!" ओरडते, बाई. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत, आधी भोकरला आणि मग कंधारला, पेशंटवर ओरडण्यात गेली. आता पेशंट नाहीत, तर घरातल्यांवर. पण या प्रश्नावर मी ओरडले त्याचं कारण निराळं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हा प्रश्न मी सतरा वर्षांची असताना लातूरच्या एका व्यासपीठावर सात मिनिटांत निकालात काढला होता. त्याबद्दल मला टाळ्या मिळाल्या, ढाल मिळाली आणि प्रमाणपत्रही मिळालं. ते प्रमाणपत्र मी पुढं फाडून टाकलं.

आमचं घर नांदेडला होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं एवढंसं अंगण आणि गल्लीच्या टोकाला हापसा. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्यावर यायचं, मग गिरणीचा भोंगा वाजायचा, मग हापशाची कर्रकर्र सुरू व्हायची ती दुपारपर्यंत. माय धर्माबादची. मिरचीच्या गावची असल्यामुळं तिखटाशिवाय तिचा घास उतरत नसे. उन्हाळ्यात ती अंगणात मिरच्या वाळवायची, खलबत्त्यात येसराचा मसाला कुटायची, आणि सगळ्या गल्लीला शिंका सुटायच्या. मला ती ‘पिल्ला’ म्हणायची. तेलुगूत पिल्ला म्हणजे पोरगी, पण आमच्या शेजारणींना वाटायचं ती मला कोंबडीचं पिल्लू म्हणते. मी बारीक होते, त्यामुळं तेही खपून जायचं.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होते. म्हणजे सकाळी कपाटं उघडायची, भिंगं, प्रिझम, लंबकाचे गोळे काढून टेबलावर मांडायचे, पोरांनी मोडलेल्या वस्तूंची नोंद ठेवायची आणि संध्याकाळी सगळं पुसून परत कपाटात. कोणता प्रयोग कुणाला येत नाही, कुठल्या मापकाचा काटा खोटं बोलतो, हे त्यांना सगळ्या प्राध्यापकांपेक्षा जास्त कळायचं. काल-परवा लागलेला, मिसरूड न फुटलेला लेक्चरर त्यांना हाक मारायचा, "ए किसन, प्रिझम आण." दादा आणायचे. एवढंच नाही, प्रयोग अडला की तोच लेक्चरर पोरं गेल्यावर हळूच विचारायचा, "किसन, हे जमत का नाही रे?" आणि दादा जमवून द्यायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. दादांचं फिरायचं नाही, त्याचा मला जास्त राग यायचा.

विभागात जुनी झालेली इंग्रजी मासिकं रद्दीत जायची, ती दादा मागून आणायचे. शब्दकोश घेऊन एकेक पान लावायचे. रविवारी सकाळी माय भाकरी थापायला बसली की चुलीपाशी आमचा वर्ग भरायचा. एका रविवारचं मला अगदी लख्ख आठवतं. दादांनी चुलीकडं बोट दाखवलं. "हा सूर्य समज." मग एक हात मोजून जमिनीवर ज्वारीचा दाणा ठेवला. "ही आपली पृथ्वी. आता सांग, सगळ्यात जवळचा दुसरा तारा कुठं असंल?" मी म्हटलं, उंबऱ्यापाशी. ते म्हणाले, "पुढं." अंगणात? "पुढं. शेवटचा ग्रहच हापशापाशी हाय." मग नदीवर? दादा हसायला लागले. "अगं, लातूरला! आत्याच्या घरी! मधी काही न्हाई. वाटंवरचं लोहा न्हाई, अहमदपूर न्हाई, चाकूर न्हाई. नुसता अंधार. आन् माणसानं धाडलेलं यान आत्ता कुठं हापसा ओलांडून राहिलंय." मायनं भाकरी उलटली आणि विचारलं, "मंग लातूरला कधी पोचल ते?" दादांनी कागदावर आकडेमोड केली. "याच वेगानं गेलं तर पाऊण लाख वर्षं." "अय्यो!" माय म्हणाली, "आन् खायाचं काय तवर?"

मायचा प्रश्न दादांनी हसण्यावारी नेला नाही. त्यांनी तिला सगळं नीट समजावून दिलं. वेग लई वाढवला, अगदी प्रकाशाच्या वेगाच्या शंभराव्या भागाइतका, तरी सव्वाचारशे वर्षं लागतील. म्हणजे सतरा पिढ्या. तेव्हा यान असं पाहिजे की त्यात शेत असेल, पाणी असेल, शाळा असेल. जे बसतील ते वाटेतच मरतील. त्यांची लेकरं वाटेतच जन्मतील आणि वाटेतच मरतील. शेवटची लेकरं तेवढी उतरतील. मायनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मिरच्या लावाव्या त्यात." दादा म्हणाले, "हाव, लावतील की." हे बोलणं आमच्या घरात इतकं सहज चालायचं, की सगळ्यांच्याच घरी रविवारी असं बोलतात अशी माझी समजूत होती.

आणि दादांचं एक ठरलेलं वाक्य होतं. माझा आजा कंधारकडच्या खेड्यात राहायचा. धम्मदीक्षा घेतली तशी त्यानं गावकीची कामं टाकली, मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाला. गावानं पाणी तोडलं. आजा बायको-लेकरं घेऊन चालत नांदेडला आला आणि गिरणीत लागला. दादा मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाले, त्यांना बी.एस्सी. करायचं होतं. पण परिचराची जागा निघाली आणि आज्यानं अर्ज भरून टाकला. सरकारी नोकरी होती, कोण सोडणार? दादांना कुणी विचारलं नाही. हे सगळं सांगून झालं की दादा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "आजा निघाला. मी मधला. तू पोचणार." लहान असताना मला ते वाक्य लई आवडायचं. यानातून उतरणारी मीच आहे, असं वाटायचं. पुढं पुढं ते ऐकलं की अंगावर ओझं टाकल्यासारखं व्हायला लागलं.

दहावीला मी शाळेत पहिली आले. मी सांगून टाकलं की मला पदार्थविज्ञान शिकायचंय आणि ताऱ्यांचा अभ्यास करायचाय. मला वाटलं, दादा उचलून घेतील. दुसऱ्या कुणाच्या बापाला हे कळलंही नसतं, माझ्या बापाला कळणार होतं. दादा चटणी-भाकरी खात होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "तारे शिकून काय व्हशील? जास्तीत जास्त आमच्या कॉलेजात मास्तर. आन् मी तुला प्रिझम आणून देऊ?" मी म्हटलं, "मी तुम्हाला ‘ए’ म्हणणार नाही." "तू न्हाई म्हणणार. पण तुला म्हणतील. डॉक्टरला ‘ए’ म्हणायची कुणाची टाप न्हाई. डॉक्टर समोर आला की पाटीलबी उठून उभा राहतो." मी रडले, दोन दिवस जेवले नाही. मायनं मला घास भरवायचा प्रयत्न केला, मी तिचा हात झिडकारला. तिसऱ्या दिवशी दादांनी माझी पेटी बांधली. लातूरच्या कॉलेजात अकरावी-बारावी करून पोरं डॉक्टर होतात असं तेव्हा सगळीकडं बोललं जाऊ लागलं होतं. आत्या लातूरला होती. मला कुणी विचारलं नाही.

बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि दादा शेजारी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. दादा म्हणाले, "बघ, चार तासांत पोचलो ताऱ्यावर." त्यांना मला हसवायचं होतं. मी तोंड फिरवून बाहेर बघत राहिले.

लातूर म्हणजे माझ्यासाठी दाळ मिलचा आवाज. आत्याच्या घरामागंच मिल होती, दिवसभर तुरीची भुकटी उडायची, वह्यांवर पिवळी पूड बसायची. आत्या विधवा होती, एका दवाखान्यात आया म्हणून कामाला होती. सकाळी सात वाजता ती माझ्यापुढं सुशीलाची ताटली ठेवायची. भिजवलेले मुरमुरे, कांदा, मिरची, वर शेंगदाण्याचा कूट. "खा गं माय, डोकं चालायला पायजे," म्हणायची आणि निघून जायची. कॉलेजात एकच काम होतं, प्रश्न पाठ करायचे आणि चाचणी द्यायची. चुकलं तर तेच उत्तर दहा वेळा लिहायचं आणि परत चाचणी. एकदा गुरुत्वाकर्षणाच्या तासाला मी उठून विचारलं, "सर, सूर्याच्या ओढीतून सुटून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जायचं तर..." सरांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "हे पेपरला येतं का?" सगळा वर्ग हसला. मी खाली बसले. असल्या प्रश्नावर बोलायला मला एकच माणूस होता आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते. दादा दर आठवड्याला पोस्टकार्ड लिहायचे. मी महिन्यातून एकदा उत्तर द्यायची, तेही चार ओळींचं.

बारावीच्या दिवाळीनंतर आमच्याच कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठरली. आसपासच्या जिल्ह्यांतली कॉलेजं येणार होती. विषय होता, ‘मानव एक ना एक दिवस दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत पोहोचेल.’ सूचना मी दोनदा वाचली. या स्पर्धांची रीत अशी असते की प्रत्येक कॉलेजातून दोघं येतात. एक विषयाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरोधात. दोघांचे गुण मिळवून ढाल दिली जाते. म्हणजे एकाच घरातले दोघं उभे राहून एकमेकांना खोडून काढणार आणि बक्षीस मात्र वाटून घेणार. सरांनी बाजूनं बोलायला विश्वासला निवडलं. तो अहमदपूरकडच्या एका शेतीवाडीवाल्याचा मुलगा, मनानं सरळ, आवाज खणखणीत, पण विषयाचं काडीचं ज्ञान नाही. मी म्हटलं, "सर, बाजूनं मी बोलते, मला माहितीय सगळं." सर हसून म्हणाले, "तू विरोधात बोल. तुझ्या तोंडात ‘नाही’ शोभतं. तुमच्यात तर विरोधात बोलायची सवयच असते." ‘तुमच्यात’ म्हणजे कुणात, ते विचारायची मला गरज पडली नाही. आजची मी असते तर सरांना तिथंच चार गोष्टी सुनावल्या असत्या. तेव्हा म्हटलं, "बरं सर."

मी दादांना पत्र टाकलं. विषय लिहिला, तारीख लिहिली, ‘मुद्दे पाठवा’ म्हणून लिहिलं. कुठल्या बाजूनं बोलणार ते लिहिलं नाही. विसरले असं मी पुढं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. दादांना दुसरी बाजू असते हे सुचलंच नसतं, त्यांच्या पोरीनं या विषयाच्या विरोधात बोलावं हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आठ दिवसांत जाडजूड पाकीट आलं. चार फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, आकृत्यांसह. चुलीपासून लातूरपर्यंतचं अंतर होतं, वेगाची गणितं होती, शेत आणि पाणी यानात कसं पुरवायचं ते होतं, कोपऱ्यात ‘तुझी आई म्हणते मिरची विसरू नको’ असंही होतं. चौथ्या कागदावर एक मुद्दा होता. तो मला आजही शब्दन् शब्द येतो. ‘लोक म्हणतील, मधल्या पिढ्यांचा काय गुन्हा? त्यांना निघाल्याचा मान नाही आणि पोचल्याचा आनंद नाही. याचं उत्तर असं, की यानाला खिडकी ठेवावी. चांगली मोठी ठेवावी. मधल्या माणसाला तिच्यातून जे दिसेल ते निघणाऱ्यानं पाहिलेलं नसेल आणि पोचणाऱ्याला उतरण्याच्या घाईत दिसणार नाही.’

मी ते चारही कागद विश्वाससाठी स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. ढाल हवी तर त्याचंही भाषण चांगलं व्हायला पाहिजे होतं ना. फक्त चौथ्या कागदावरचा मुद्दा मी गाळला. त्याचा अर्धा भाग, तो ‘मधल्या पिढ्यांचा काय गुन्हा’, मी माझ्यासाठी ठेवून घेतला, कारण विरोधात बोलायला त्याच्याइतकं धारदार दुसरं काहीच नव्हतं. खिडकीचा भाग कुणालाच दिला नाही. खिडकीला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. विश्वास बोलायला उभा राहिला आणि मला तिसऱ्या रांगेत दादा दिसले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. येणार म्हणून कळवलं नव्हतं, किरकोळ रजा टाकून आले होते. नंतर कळलं की विभागात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, त्या ‘ए किसन’वाल्या लेक्चररलासुद्धा, की माझी पोरगी ताऱ्यांवर बोलणार हाय. विश्वास म्हणाला, "समजा, आपल्या घरातली चूल म्हणजे सूर्य..." दादांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. शेजारच्याला ते काहीतरी कौतुकानं सांगायला वळले. मग थांबले. त्यांनी मांडीवरची कार्यक्रमपत्रिका उचलली, डोळ्यांजवळ धरून वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली. पुन्हा सुलटी करून वाचली. त्यांची चूल, त्यांचा ज्वारीचा दाणा, त्यांचं लातूर एका परक्या पोराच्या तोंडून निघत होतं आणि लोक माना डोलावत होते.

विश्वासनंतर दुसऱ्या कॉलेजाचे दोघं बोलले आणि मग माझं नाव पुकारलं. म्हणजे मला चौदा मिनिटं मिळाली होती. तेवढ्या वेळात भाषण बदलता आलं असतं. निदान तो एक मुद्दा गिळता आला असता. मी बदललं नाही. उलट दादांना समोर बसलेलं पाहून माझा दीड वर्षाचा साठलेला राग वर आला. बरं झालं आले, असं मला वाटलं. ऐकू दे.

मी अंतर सांगितलं, वर्षं सांगितली, आणि मग कागद टेबलावर ठेवून दिला. "अध्यक्ष महोदय," मी म्हटलं, "यान होईल, वेगही मिळेल. पण मला एकच विचारायचंय. जी लेकरं त्या यानात जन्माला येतील, त्यांना कुणी विचारलं होतं का? बापानं ठरवलं निघायचं म्हणून लेकरानं वाटेत जगायचं आणि वाटेत मरायचं? बापाच्या स्वप्नासाठी लेकराची जिंदगी जुंपायची? ज्याला निघायचा मान नाही आणि पोचायचा आनंद नाही, तो मधला माणूस त्या यानातला प्रवासी नाहीच. तो सामान आहे. एकानं भरलं आणि दुसऱ्यानं उतरवलं, एवढंच." सामान हा शब्द माझ्या लिहिलेल्या भाषणात नव्हता. तो तिथं, दादांकडं बघताना, माझ्या तोंडून निघाला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेवटची घंटा कुणाला ऐकू आली नाही. मी ओरडून सांगितलं, "म्हणून मानव ताऱ्यांपर्यंत पोहोचणार नाही, आणि पोहोचू नये!" मी स्वतःविषयी बोलत होते. मला विचारलं नाही म्हणून बोलत होते. पण आमच्या घरात ‘मधला’ एकच माणूस होता आणि तो स्वतःच स्वतःला तसं म्हणायचा. दादाही टाळ्या वाजवत होते.

ढाल आम्हाला मिळाली. लोक पांगल्यावर दादा आमच्यापाशी आले. विश्वासनं वाकून नमस्कार केला. दादा त्याला म्हणाले, "फार छान बोललात तुम्ही." बिचारा विश्वास म्हणाला, "काका, सगळं सुजातानंच लिहून दिलं हो मला. मला कुठलं कळतंय त्यातलं." दादा म्हणाले, "हां. लिखाण चांगलं व्हतं." मला तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण बसस्टँडवरचं सांगून झाल्यावर मला दुसरं काही सांगायला जमणार नाही. मी डॉक्टर झाले. दादा म्हणाले होते तसं झालं. पाटील उठून उभे राहिले, मला कुणी ‘ए’ म्हटलं नाही. खोकला, जुलाब, विंचू, बाळंतपणं आणि शवविच्छेदनं यांत माझी उमर गेली. चुलीपाशीचा रविवारचा वर्ग पुन्हा कधी भरला नाही. सुट्टीत मी मुद्दाम काहीतरी विचारायची, तर दादा म्हणायचे, "मला कुठं कळतंय त्यातलं, तू शिकलेली हायस." रद्दीतली मासिकं आणणंही त्यांनी सोडून दिलं. ते शेवटचे आजारी असताना मी उशाशी बसून होते. ज्या यानाबद्दल ते सांगायचे ते अजून चालूनच राहिलंय म्हणे. दादांच्या हातानं मोजलं तर आता आमची गल्ली ओलांडून पिठाच्या गिरणीपर्यंत आलं असेल. लातूर तसंच दूर. असंच काहीतरी तेव्हा त्यांना सांगावं असं माझ्या मनात आलं होतं, पण सांगितलं नाही.

तर बसस्टँड. नांदेडची बस लागायला अवकाश होता. दादांनी पिशवीतून धपाटे आणि येसराचा डबा काढून माझ्या हातात दिला. "मायनं दिलंय." आम्ही चहा घेतला. मी ढाल ओढणीखाली झाकून धरली होती, लपवायची कुठं ते मला कळत नव्हतं. दादा कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, "त्या पोराला खिडकीचा मुद्दा दिला न्हाईस तू."

मी ढाल ओढणीत आणखी आत ओढली.

"द्यायला पायजे व्हता. तुझ्यापाशी उत्तर न्हवतं म्हणून दिला न्हाईस. व्हय ना?" आवाजात राग असता तर बरं झालं असतं. प्रयोगवहीतली चूक दाखवावी तसं ते सांगत होते. "बाकी बोलली बरोबर. पण सामान न्हाई, माय. सामानाला खिडकी नसती. मला व्हती."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग रुमालानं तोंड पुसलं, माझं नाही, स्वतःचं, आणि म्हणाले, "मला माझ्या बापानं इचारलं न्हाई. मीबी तुला इचारलं न्हाई. त्याच्यात तुझी चूक न्हाई. आता इचारतो. बारावीनंतरचा फॉर्म भरायला अजून टाइम हाय. तुला काय शिकायचं ते सांग. तारे म्हण, मी सही करतो. लोकांचं मी बघून घेईन."

माझ्या ओठांवर आलं होतं. त्या एका शब्दासाठी मी दीड वर्ष त्यांच्याशी धड बोलले नव्हते. पण समोर तो पांढरा शर्ट होता, कॉलरपाशी विरलेला, आणि मी आत्ताच त्याला भर सभेत सामान म्हणून आले होते. त्याच्याकडूनच वर आणखी काही मागून घ्यायचं? मला वाटलं, त्यांच्या मनासारखं केलं की फिटेल. सतरा वर्षांच्या पोरीची अक्कल ती.

"डॉक्टरच व्हायचंय मला, दादा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. कुठल्या मापकाचा काटा खोटं बोलतो ते त्यांना कळायचं. "खरं सांगतीस?"

"खरं."

बस लागली. ते आत चढले, खिडकीशी जागा मिळाली. काच अडकली होती, ती दोन्ही हातांनी खाली ओढून त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि मी दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यात मला कुणीतरी एकदाच विचारलं होतं, आणि त्या एका वेळी मी खोटं बोलले.